रेक्स, रेखा आणि आसामची माती

बहुतेकींची लावणी उरकली असेल. चुलीपाशी हात शेकत ऐकत असाल तर ऐका, आणि भाकऱ्या चालू असतील तर त्याही चालू द्या. माझं बोलणं काही वाजवून पाठ करायचं नाही.

मी सहयोगिनी. माझ्याकडे मेढ्याच्या बाजूचे चौदा बचत गट आहेत. बीएला माझा विषय इतिहास होता, आणि त्याचा नोकरीत काय उपयोग, असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. आज तो उपयोग करून बघते. आपल्या एका गटाने रंगीत पानांच्या बेगोनियाची रोपं करायला घेतली, त्याला आता तीन वर्षं झाली. त्या झाडाची गोष्ट सांगते, कारण मागच्या वर्षी त्या गोष्टीवरून आमच्या सभेत मोठा वाद झाला होता.

आधी झाड कोणतं ते सांगते. पाचगणी-महाबळेश्वरच्या रोपवाटिकेत तुम्ही ते पाहिलं असेल. तळहातापेक्षा मोठं, किंचित केसाळ पान, कडेला जांभळं, मध्ये रुपेरी पट्टा, शिरांपाशी काळपट हिरवं. पान कधीच सरळ दोन सारख्या भागांचं नसतं, एक बाजू मोठी, एक लहान. बेगोनिया ओळखायची ही पक्की खूण. दुकानदार त्याला रेक्स म्हणतात. रेक्स म्हणजे लॅटिनमध्ये राजा. आमच्या गटातल्या बायकांच्या तोंडात ते बसेना, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याची ‘रेखा’ केली. रुपेरी रेघ आहेच, त्यामुळे मीही दुरुस्त केलं नाही.

आता नावापासूनच सुरू करू, कारण नावात बराच इतिहास अडकलेला असतो.

चार्ल्स प्लुमिए नावाचा एक फ्रेंच धर्मबंधू होता. वनस्पती शोधायला फ्रान्सच्या राजाने त्याला वेस्ट इंडीजच्या बेटांवर पाठवलं. ही सतराव्या शतकाच्या शेवटची गोष्ट, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीला होते त्या सुमाराची. आपल्या देवळापुढचा पांढरा चाफा आहे ना, पानं झडली तरी फुलणारा, त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे याच प्लुमिएवरून पडलं. तो चाफाही मुळात अमेरिकेकडचा. देवाला वाहून वाहून आपण त्याला इथलाच करून टाकला.

तर या प्लुमिएला बेटांवर जे झाड सापडलं, त्याला त्याने आपली शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दिलं. मिशेल बेगाँ. हा बेगाँ १६८२ पासून तीनेक वर्षं त्या बेटांचा कारभारी होता. झाडाफुलांचा, नाण्यांचा, पुस्तकांचा शौकीन माणूस. पण त्याच बेटांवर उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते, आणि १६८५ साली फ्रान्सच्या राजाने गुलामांसाठी जो कायदा केला, ज्याला पुढे ‘काळा कायदा’ म्हणायला लागले, त्याच्या तयारीसाठी बेटांवरून जे अहवाल गेले त्यांत या बेगाँचाही हात होता. एवढं नाजूक झाड आणि नाव असं. पुढे लिनियसने तेच नाव कायम केलं, आणि आज जगातल्या दोन हजारांवर जातींना आपण त्याच्याच नावाने हाक मारतो.

आता आपल्या रेखाकडे येते. ती वेस्ट इंडीजची नाही, आसामची.

ती युरोपात कशी पोचली हे कळायला आधी लंडनच्या एका डॉक्टरची गोष्ट ऐकायला हवी. नथॅनियल वॉर्ड त्याचं नाव. लंडनच्या गजबजलेल्या भागात राहायचा. तेव्हा लंडनमध्ये घराघरांत आणि कारखान्यांत दगडी कोळसा जळायचा, धुराने हवा काळी. डॉक्टरला नेचे लावायचा नाद, पण एकही जगेना. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीवर ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला, पतंग बाहेर येताना बघायला. काही दिवसांनी बघतो तर त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलेलं. बाटलीच्या आत पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब जमायचे, परत मातीत उतरायचे. बाहेरचा धूर आत नाही, आतली ओल बाहेर नाही.

बाटलीत सापडलेलं मग त्याने पेटीत केलं. लाकडी तळ, वर काचेचं छप्पर. १८३३ साली अशा दोन पेट्या भरून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला पाठवल्या. जहाजाला महिनोन्महिने लागायचे, त्या आधी डेकवर ठेवलेली रोपं खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्यावाचून मरायची. या पेट्यांतली जिवंत पोचली. त्यानंतर काय झालं ते तुम्ही रोज सकाळी कपात ओतून घेता. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतर चीनमधली चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. जगाची झाडं इकडची तिकडे झाली ती या वॉर्डच्या पेटीमुळे. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि हीच पेटी मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

दिवाणखान्यात म्हणजे बायकांपाशी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज बाईला विद्यापीठाची पदवी घेता येत नव्हती, लग्न झाल्यावर मालमत्ता तिच्या नावावर राहत नव्हती. पण काचेच्या पेटीत नेचा वाढवणं तिला शोभतं, असं सगळ्यांचं मत होतं. तिने ते मनापासून केलं. घरात ऊन कमी, गॅसच्या दिव्यांचा धूर, थंडी. अशा जागी तग धरणारी, फुलं नसली तरी पानांनीच खोली उजळवणारी झाडं तिला हवी होती. बाजार तयार होता, झाड यायचं बाकी होतं.

इकडे आसाम आणि खासी टेकड्यांत तेव्हा ऑर्किडची लूट चालली होती. लूट हा माझा शब्द आहे, आणि मी तो मागे घेणार नाही. जोसेफ हूकर हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० साली खासी टेकड्यांत होता. निळ्या वांडाचं ऑर्किड, ज्याच्यासाठी इंग्लंडमधले श्रीमंत वेडे झाले होते, ते त्याने क्यूच्या बागेसाठी सात माणसांच्या ओझ्याएवढं गोळा केलं. त्यातलं फारच थोडं जिवंत पोचलं. एकाने एका माणसाचं ओझंभर इंग्लंडला धाडलं, ते वाईट अवस्थेत पोचूनही तीनशे पौंडांना गेलं. मग काय, गोळा करणाऱ्यांची रीघ. रस्त्यावर कुजलेल्या ऑर्किडचा खच पडलेला असायचा, असं हूकरनेच लिहून ठेवलंय. आणि तो स्वतः सात ओझी घेऊन गेलेला, हेही त्यानेच लिहिलंय. एवढा प्रामाणिकपणा तरी होता.

अशाच एका आसामच्या ऑर्किडच्या मालातून, १८५६ च्या सुमारास, कोणी न मागवलेलं एक झाड लंडनला पोचलं. ऑर्किडबरोबर आलेल्या मातीत, पाल्यात त्याचा तुकडा होता, असं सांगतात. लिलावात ते ब्रसेल्सच्या झाँ लिंडेनने घेतलं. लिंडेन हा त्या काळचा झाडांचा मोठा व्यापारी. त्याच्या काचघरात ते वाढलं, आणि १८५७ साली पुट्झेज नावाच्या बेल्जियन माणसाने त्याला बेगोनिया रेक्स असं नाव दिलं. हा पुट्झेज पेशाने न्यायखात्यातला, हौसेने किड्यांचा आणि झाडांचा अभ्यासक.

मग पाच-दहा वर्षांत युरोपभर रेक्स झाला. हिमालयाच्या पायथ्याच्या इतर बेगोनियांशी त्याचा संकर झाला, तांबडी, रुपेरी, चॉकलेटी, शंखासारखी वळलेली पानं निघाली. आज दुकानात मिळतात ती जवळपास सगळी त्या संकरांची लेकरं-नातवंडं, मूळ आसामचं झाड क्वचितच मिळतं. पहिल्या महायुद्धात कोळसा लढाईकडे वळला तशी युरोपातली पुष्कळ काचघरं गार पडली. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थचं अवाढव्य काचघर शेकायला कोळसा मिळेना, आतली उष्ण देशांतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते काचघरच पाडून टाकलं. मोठ्यांच्या काचघरात झाड मरतं आणि कुणाच्या तरी खिडकीत जगतं, असं पुष्कळदा झालंय. कॅलिफोर्नियातल्या ईव्हा केनवर्दी ग्रे या बाईंनी १९२० च्या दशकात घरच्या बागेत बेगोनियांचे संकर केले. उंच काडीचा, पंखासारख्या पानांचा जो बेगोनिया आपण बघतो, त्या प्रकारात त्यांचं मोठं काम आहे. १९३१ साली त्यांनी बेगोनियावर पुस्तकही लिहिलं.

या सगळ्या गोष्टीत ज्याने किंवा जिने आसामच्या जंगलात ती माती खणली त्याचं नाव कुठे नाही. फ्रेंच कारभाऱ्याचं आहे, बेल्जियन व्यापाऱ्याचं आहे, नाव देणाऱ्याचं आहे. आसाम, नागालँड, मणिपूरकडच्या लोकांना बेगोनिया काही नवा नव्हता. तिकडे काही जातींचे आंबट देठ अजून चटणीत, कालवणात घालतात. आपण अंबाडी घालतो तसं समजा.

आता वादाचं सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही वीस रोपं आणली आणि पावसाळ्यात त्यातली सतरा घालवली. दोष आमचाच. भाताला पाणी लावायची सवय, बेगोनियालाही तसंच लावलं. त्याचा जाड दांडोरा मातीवर आडवा पसरतो, हळदीच्या गड्ड्यासारखा. तो आम्ही नीट मातीत पुरला, वर पाणी ओतलं. कुजून पाणी झालं त्याचं. उरलेल्या तीन झाडांच्या पानांपासून आम्ही परत सुरुवात केली, आणि मागच्या वर्षी जूनपर्यंत एकशे साठ कुंड्या झाल्या. पर्यटक ऐंशी रुपयांना एक नेतात. अकरा बायकांत वाटले तर फार नाहीत, पण जमीन लागत नाही. पडवी लागते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला पडवी तरी असते.

जुलैत एक रोपांचा व्यापारी आला. म्हणाला, तुमची ही कुंडीतली राहू द्या, कड्यावरची रानटी द्या. आपल्या सह्याद्रीतही बेगोनिया आहेत हे तुम्हाला माहीत असेल, नाव माहीत नसलं तरी. पावसात ओल्या कातळावर, झाडाच्या बुंध्यावर, किल्ल्याच्या भिंतीच्या सांदीत फिकट गुलाबी फुलं येतात, काचेसारखा पाणीदार देठ असतो, ती. एका जातीच्या शास्त्रीय नावात तर चक्क कोकण आहे. कास पठाराकडेही ती उगवतात. व्यापारी म्हणाला, कंदासकट उपटून द्या, नगाला पंधरा रुपये. एका दिवसात दोन बायका दोनशे काढतील. तीन हजार रुपये. आमची वर्षाची कमाई चार दिवसांत.

सभेत मी हूकरची गोष्ट सांगितली. रस्त्यावरच्या कुजलेल्या ऑर्किडची. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलातलं काही काढता येत नाही, तेही सांगितलं. मला वाटलं, झालं, पटलं. तर एक वहिनी उठल्या. त्यांच्या घरचे सहा महिने अंथरुणाला खिळलेले, दवाखान्याचं देणं. त्या म्हणाल्या, “ताई, सायबानं सात ओझी नेली ती पुस्तकात गेली. आम्ही एक पाटी आणली की चोरी?”

मला उत्तर आलं नाही. खरं सांगते, अजूनही नीट येत नाही. बीएच्या पुस्तकात असल्या प्रश्नाची तयारी करून घेत नाहीत.

उत्तर दिलं ते गटातल्या सगळ्यात मोठ्या आक्कांनी, आणि ते पाप-पुण्याचं नव्हतंच. त्या म्हणाल्या, “दिवाळीला ती मरतात. मी ल्हानपणापासनं बघतीया. वरचं समदं वाळून जातं, खाली गड्डा ऱ्हातो. गिऱ्हाईक म्हणंल मेलं, पैसं द्या माघारी. व्यापारी तवा हितं असंल का?” बरोबर होतं ते. आपला रानबेगोनिया पावसापुरता जागा असतो, उरलेलं वर्ष कंदात झोपतो. दिवाणखान्यात बारा महिने शोभणारं ते झाड नव्हे. आणि कंदच उपटला तर पुढच्या पावसात कातळावर काय येणार?

गटाने नको म्हटलं. वहिनींना अंतर्गत कर्जातून आठ हजार दिले, परतफेडीला दहा महिने. दोघीजणींना ते मान्य नव्हतं, कारण आधीचं कर्ज बाकी होतं, आणि नियमाने त्यांचंच बरोबर होतं. इतिवृत्तात तसं लिहिलंय.

तरीही वहिनी एका दिवशी एकट्या गेल्या आणि चाळीस रोपं घेऊन आल्या. व्यापारी सांगितल्या दिवशी आलाच नाही, चार दिवसांनी आला. तोवर पाटीत निम्मी लिबलिबीत झाली होती. त्याने बाकीचीही घेतली नाहीत. वहिनींनी ती घरामागच्या दगडी गडग्याच्या सांदीत माती घालून खोचली. त्या मला काही बोलल्या नाहीत, मीही काही विचारलं नाही. या जूनमध्ये त्यांच्या घरी हप्ता घ्यायला गेले तेव्हा गडग्यावर नऊ दिसली. मी मोजली. त्यांनीही मोजली होती, त्या म्हणाल्या अकरा आहेत, दोन अजून बारीक आहेत.

ज्यांना घरी रेखा लावायची आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण फोन येतात ते याचेच.

पान निवडताना फार कोवळं नको, फार जुनं नको. पान उलटं करा, पाठीमागच्या जाड शिरांवर ब्लेडने चार-पाच ठिकाणी काप द्या. पसरट कुंडीत ओली वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं घ्या. त्यावर पान सुलटं, म्हणजे कापलेल्या शिरा मातीला लागतील असं ठेवा, आणि खडे ठेवून दाबा. वर पातळ प्लास्टिक ओढा. ही आपली वॉर्डची पेटीच झाली, पाच रुपयांत. आत थेंब फार जमले तर रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी येते. महिना-दीड महिन्यात कापापाशी मुळं, मग नखाएवढी पानं दिसतात. एका पानातून आम्हाला सात रोपं मिळाली आहेत, आणि एकही मिळालं नाही असंही झालंय.

मोठ्या झाडाला थेट ऊन नको, पण काळोखही नको. घनदाट जंगलाच्या तळाशी जेवढा उजेड पोचतो तेवढ्यावर वाढणारी ही जात. त्या पानांची रुपेरी चमकही रंगाची नाही बरं का. पानाच्या वरच्या सालीखाली हवेची बारीक पोकळी असते, उजेड तिच्यावरून परततो म्हणून ते रुपेरी दिसतं. मलेशियाच्या जंगलात एक निळसर चमकणारा बेगोनिया आहे. त्याच्या पानातले हरितकण थरांनी असे रचलेले असतात की अंधूक उजेडातलाही हवा तो भाग ते धरून ठेवतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ते उलगडलं.

पाणी बोट घालून बघूनच द्या, वरची माती सुकली तरच. पानांवर शिंपडू नका, भुरी पडते. दांडोरा मातीच्या वर राहू द्या. कुंडी उथळ बरी. मातीत पालापाचोळ्याचं खत आणि भाताचं जुनं तूस मिसळा, पाणी निथळलं पाहिजे. थंडीत वाढ थांबते, तेव्हा खत देऊ नका, मेलं समजून फेकूनही देऊ नका. आणि घरात रांगतं मूल किंवा शेळी असेल तर कुंडी उंच ठेवा. तिकडे खातात त्या जाती वेगळ्या, ही खायची नाही.

आमच्या गटाकडून पानं हवी असतील तर मंगळवारी दुपारी सभेच्या वेळी समाजमंदिरात या. पानाला दहा रुपये. येताना ओलं फडकं आणा, पिशवीत पान घामेजतं. आणि वहिनींच्या गडग्यावरची रानातली कुणी मागू नका. त्यांनी आधीच दोघांना परत पाठवलंय.